हॉटेल बुकिंगचं सॉफ्टवेअर, तीन कोड-जनरेटर आणि मेव्हन की ग्रेडल: पणजीतलं एक प्रकरण

पणजीत पाटो भागात ऑफिस असलेली एक छोटी टीम आहे, कळंगुट-कांदोळी पट्ट्यातल्या आणि तिकडे कोलवा-बाणावलीच्या हॉटेलांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर करतात. बाहेरच्या साइटवर कुणी रूम बुक केली की तो निरोप एक्सएमएलमधून येतो, तो वाचून हॉटेलच्या सिस्टिमला द्यायचा, आणि उलट बाजूने कुठल्या तारखेला किती रूम शिल्लक आहेत, रेट काय आहे ते साइटना कळवायचं. काम एवढंच, पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यात तासभर जरी गोंधळ झाला तरी एकच रूम दोघांना जाते आणि रिसेप्शनवरचा पोरगा विनाकारण बोलणी खातो. कोड सगळा जावात. मी म्हापशाला राहतो, बिल्डची, म्हणजे लिहिलेल्या कोडवरून चालणारा प्रोग्रॅम बांधायची, कामं बाहेरून करून देतो, आणि या टीमने मला बोलावलं ते एका प्रश्नासाठी: अँट सोडायचंय, मेव्हन घेऊ की ग्रेडल? (ही तिन्ही बिल्डची टूलं.)

हा प्रश्न मला बऱ्याच ठिकाणी असाच विचारतात, म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून लिहितोय. माझं मत असं की जिथे कोड जनरेट होतो, म्हणजे माणसाऐवजी एखादं टूल (जनरेटर) तो लिहितं, तिथे टूलचं नाव शेवटी ठरवायचं, आधी बघायचं की प्रत्येक जनरेटरला खायला काय लागतं, ते कुठे असतं आणि ते किती वेळा बदलतं. हे कळलं की टूल जवळजवळ आपोआप ठरतं.

आता हलवाहलव का करायची होती ते सांगतो. प्रोजेक्ट जावा ८ वर होता, स्प्रिंग बूट ३ या जावाच्या फ्रेमवर्कवर जायचं ठरलं होतं, आणि त्याला किमान जावा १७ लागतं. ऑक्टोबरला सीझन सुरू झाला की हॉटेलवाले कशालाच हात लावू देत नाहीत, त्यामुळे जे काय करायचं ते पावसाळ्यात आणि जमलं तर चवथीआधी (गणेश चतुर्थी), कारण चवथीत अर्धी टीम डिचोली, साखळी, पेडण्याला आपापल्या घरी असते. पहिल्या मीटिंगला दोघे ग्रेडल म्हणत होते, एकाने बेझल या आणखी एका बिल्ड टूलबद्दल कुठेतरी ऐकलं होतं, आणि टीममधले सगळ्यात जुने, ज्यांना सगळे भाई म्हणतात, ते म्हणाले की अँट चालतंय ना, मग कशाला. सगळ्यांची बाजू ऐकली आणि मग फळ्यावर तीन नावं लिहिली, एक्सजेसी, जूक आणि मॅपस्ट्रक्ट, कारण त्यांच्या प्रोजेक्टमध्ये कोड तयार करणारे हे तिघेच होते.

सगळ्यात मोठी डोकेदुखी एक्सजेसीची. बुकिंगचे निरोप ओपनट्रॅव्हल अलायन्सच्या स्टँडर्डमध्ये येतात, त्याच्या एक्सएसडी फायली (निरोपात काय काय असावं ते सांगणारा स्कीमा) असतात, आणि एक्सजेसी त्यावरून जावाचे क्लास करून देतं. हॉटेलसाठी लागणारे निरोप मोजकेच, बुकिंग कळवणारा, रूमची उपलब्धता कळवणारा, रेट कळवणारा, पण प्रत्येक एक्सएसडी खाली कॉमन टाइप्सच्या मोठमोठ्या फायली ओढून आणते, त्यामुळे क्लास शेकड्यांनी होतात. अँटच्या बिल्डमध्ये थेट जेडीकेच्या (जावाचा डेव्हलपर संच) बिन फोल्डरमधलं एक्सजेसी बोलावलेलं होतं. आता जावा ११ मध्ये, म्हणजे २०१८ ला, जॅक्सबी ही जावा आणि एक्सएमएल जोडणारी लायब्ररी आणि त्याच्यासोबत एक्सजेसी, डब्ल्यूएस-इम्पोर्ट ही टूलं जेडीकेमधून काढूनच टाकली, त्यामुळे जावा १७ टाकल्याबरोबर ती ओळ मेली. यावर टीमने शोधलेला उपाय असा होता की एका लॅपटॉपवर जावा ८ ठेवायचं, तिथे एक्सजेसी चालवायचं आणि तयार झालेला कोड गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये, कमिट करायचा. ज्याचा लॅपटॉप तो रजेवर असला की एक्सएसडी बदलायची नाही.

जनरेट झालेला कोड गिटमध्ये ठेवणं हे सरसकट वाईट असं मी म्हणत नाही, कधी कधी तो ठेवावा लागतो. पण इथे त्याचे दोन परिणाम झाले होते. एक म्हणजे जुनं एक्सजेसी प्रत्येक फायलीच्या डोक्यावर जनरेट केल्याची तारीख-वेळ लिहितं, त्यामुळे एक फील्ड वाढलं तरी शेकडो फायली बदललेल्या दिसतात आणि मग रिव्ह्यू करणारा माणूस न बघता पुढे ढकलतो, त्याचा तरी काय दोष. दुसरा परिणाम त्याहून वाईट. कुणीही रिव्ह्यू करत नाही म्हटल्यावर त्या फायलींमध्ये हाताने बदल झाले होते, आणि ते कुठे कुठे झालेत हे कुणालाच माहीत नव्हतं. भाई म्हणाले, "असतील दोन-तीन ठिकाणी, आता आठवत नाही रे."

हे शोधायची पद्धत सोपी आहे आणि ज्यांच्याकडे अशी जुनी कमिट केलेली थप्पी आहे त्यांनी टूल बदलायच्या आधी हीच करावी. ज्या एक्सजेसीने मूळ कोड झाला तेच, म्हणजे जावा ८ चंच, त्याच एक्सएसडींवर परत चालवायचं, फक्त नो-हेडर हा ऑप्शन देऊन. गिटमधल्या फायलींच्या डोक्यावरची ती कॉमेंटही स्क्रिप्टने उडवायची. मग दोन्ही फोल्डरचा डिफ, म्हणजे फरक, काढायचा. जे उरेल ते माणसाच्या हाताचं. आमच्या डिफमध्ये पाहुण्याची जन्मतारीख सापडली, एक्सजेसी तिला एक्सएमएल-ग्रेगोरियन-कॅलेंडर करतं, ते वापरायला किचकट, म्हणून कुणीतरी टाइप बदलून साधा डेट केला होता, आणि त्यामुळे सर्व्हर कुठल्या टाइमझोनमध्ये आहे त्यावरून जन्मतारीख एक दिवस मागे सरकायची शक्यता उभी राहिली होती. लहान मुलांचा रेट वयावर ठरतो, तेव्हा हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. आणि एका इनममध्ये (ठरलेल्या किमतींची यादी) एक जादा किंमत घातली होती, कारण एक पार्टनर स्कीमात नसलेला कोड पाठवत होता.

दोन्ही बदल आम्ही हाताच्या जागेवरून उचलून इनपुटमध्ये नेले. जन्मतारखेसाठी बाइंडिंग फाइल (एक्सजेसीला द्यायच्या जादा सूचना) लिहिली, तिच्यात सांगितलं की या टाइपला लोकल-डेट करायचं, जन्मतारखेला टाइमझोन नसतोच. इनमची जादा किंमत एक्सएसडीच्या आपल्या प्रतीतच घातली, शेजारी कॉमेंटमध्ये कारण लिहून. हे झालं तेव्हाच खरं तर अर्धं काम झालं, कारण आता तो कोड कुणीही, कधीही, कुठल्याही टूलने नव्याने काढू शकत होतं, आणि स्प्रिंग बूट ३ साठी पॅकेजच्या नावांत जावाएक्स जाऊन जकार्ता यायला हवं होतं तेसुद्धा फक्त नवीन एक्सजेसीने परत जनरेट केलं की येणार होतं.

एक्सजेसीबद्दल आणखी एक सांगतो कारण यात पुष्कळ जण अडकतात. ओपनट्रॅव्हलच्या सगळ्या निरोपांची नेमस्पेस (नावांची ओळख सांगणारा पत्ता) एकच, २००३/०५ असं शेपूट असलेली, त्यामुळे सगळे क्लास एकाच पॅकेजमध्ये जातात. अँटमध्ये प्रत्येक निरोपासाठी एक्सजेसी वेगळं चालवलं होतं, आणि प्रत्येक वेळी ऑब्जेक्ट-फॅक्टरी नावाची फाइल नव्याने लिहिली जाते, म्हणजे शेवटी जो निरोप चालला त्याचीच फॅक्टरी शिल्लक राहते. ज्या पोराने हे आधी पाहिलं होतं त्याने क्रम असा लावून ठेवला होता की बुकिंगचा निरोप शेवटी येईल. आम्ही सगळ्या मुख्य एक्सएसडी एकाच वेळी, एकाच एक्झिक्यूशनमध्ये दिल्या. लगेच "ऑलरेडी डिफाइन्ड" अशा एररचा पाऊस पडला, कारण प्रत्येक पार्टनरने झिपमध्ये कॉमन टाइप्सची स्वतःची प्रत पाठवली होती आणि त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये पडून होत्या, एक्सजेसीला त्या वेगळ्या फायली वाटतात पण आतली नावं तीच. सगळ्यांचं व्हर्जन एकच आहे हे ताडून एकच प्रत ठेवली, तेव्हा निवळलं. व्हर्जन वेगळी असती तर वेगळं मॉड्यूल आणि वेगळं पॅकेज करावं लागलं असतं, दुसरा रस्ता नाही.

दुसरा जनरेटर जूक. हा डेटाबेसचे टेबल बघून जावाचे क्लास करतो, म्हणजे कॉलमचं नाव चुकलं तर कंपाइललाच कळतं, फार चांगली गोष्ट आहे. पण यांचा जूक ऑफिसमधल्या मायएसक्यूएलला जोडून चालत होता. जूनमध्ये गोव्यात वीज कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे, झाड पडलं, वायर तुटली, गेली. ऑफिसचा सर्व्हर बंद म्हणजे फोंड्याला घरी बसून काम करणारी मुलगी क्लीन बिल्डसुद्धा करू शकत नाही, आणि ग्रुपवर मेसेज, "परत किदें जालें?" वीज असली तरी अडचण होतीच, एकाने त्या डेटाबेसवर आपल्या अर्धवट कामाचं टेबल टाकलं की दुसऱ्याच्या बिल्डमध्ये तो क्लास उगवायचा. म्हणजे इनपुट गिटमध्ये नव्हतंच, ते एका मशीनवर होतं आणि कुणीही बदलू शकत होतं. हे कुठल्याही बिल्ड टूलने सुधारणार नव्हतं, ग्रेडल आणलं असतं तरी ते त्याच सर्व्हरला जोडायला गेलं असतं.

टेबल बदलायच्या एसक्यूएल स्क्रिप्ट मात्र फ्लायवे या डेटाबेसचे बदल क्रमाने लावणाऱ्या टूलसाठी गिटमध्ये व्यवस्थित होत्या. जूकमध्ये डीडीएल-डेटाबेस नावाची सोय आहे, ती या स्क्रिप्ट वाचते, मेमरीत एच२ नावाचा छोटा डेटाबेस उभा करते आणि त्यावरून कोड काढते, बाहेरचा सर्व्हर लागत नाही. फायलींचा क्रम फ्लायवेसारखा लावायलाही सेटिंग आहे. ट्रिगरसारख्या खास मायएसक्यूएलच्या गोष्टी त्याला वाचता येत नाहीत, त्या भागाच्या आधी आणि नंतर जूक-इग्नोर-स्टार्ट, जूक-इग्नोर-स्टॉप अशा कॉमेंट घातल्या की तो तेवढं सोडून देतो. दुसरा पर्याय होता टेस्टकंटेनर्सने डॉकरमध्ये खरं मायएसक्यूएल उठवायचं, त्यावर फ्लायवे चालवायचा आणि मग जूक, मेव्हन ३.०.३ पासून एकाच फेजमधली (बिल्डची पायरी) प्लगिन पॉममध्ये (मेव्हनची बिल्ड फाइल) लिहिलेल्या क्रमाने चालतात म्हणून तेही बसलं असतं, आणि खरं सांगायचं तर ते जास्त अचूक. पण प्रत्येक लॅपटॉपवर डॉकर लागलं असतं आणि अर्धे लॅपटॉप त्या लायकीचे नव्हते.

डीडीएल-डेटाबेस लावला, सगळ्यांच्या विंडोज लॅपटॉपवर टेस्ट पास, लिनक्सच्या टेस्ट सर्व्हरवर टाकलं तर पहिल्याच क्वेरीला टेबल सापडत नाही. कारण बघा कसं जुळून आलं. एच२ कोट न केलेली नावं मोठ्या अक्षरांत करतो, म्हणून जनरेट झालेल्या कोडमध्ये बुकिंग टेबलचं नाव कॅपिटलमध्ये आलं. जूक क्वेरी लिहिताना नाव कोट करून लिहितो. विंडोजवर मायएसक्यूएल टेबलच्या नावात लहान-मोठी अक्षरं बघत नाही, लिनक्सवर डिफॉल्टने बघतं. डिफॉल्ट-नेम-केस हे सेटिंग लोअर केलं आणि प्रश्न मिटला. पण यातून एक नियम ठरवला की जनरेटरला हात लावणारा कुठलाही बदल लिनक्सवरच्या बिल्डमधून गेल्याशिवाय मर्ज होणार नाही.

तिसरा, मॅपस्ट्रक्ट, हा वेगळ्या जातीचा, एका क्लासमधली माहिती दुसऱ्यात भरणारे मॅपर करून देतो. हा अ‍ॅनोटेशन प्रोसेसर, म्हणजे तो जावाक कंपाइलरच्या पोटातच चालतो, त्याला वेगळी पायरी लागत नाही, आणि त्याचं इनपुट म्हणजे आपलाच सोर्स, जो दिवसातून दहा वेळा बदलतो. इथे भांडण लोम्बोकशी, म्हणजे गेटर-सेटरसारखा कोड आपोआप घालणाऱ्या लायब्ररीशी. लोम्बोक गेटर-सेटर करायच्या आधी मॅपस्ट्रक्टने बघितलं तर त्याला काहीच प्रॉपर्टी दिसत नाहीत आणि तो रिकामे मॅपर करून मोकळा होतो. लोम्बोक १.१८.१६ पासून लोम्बोक-मॅपस्ट्रक्ट-बाइंडिंग नावाची छोटी डिपेंडन्सी लागते, ती घातली. मेव्हनमध्ये अ‍ॅनोटेशन-प्रोसेसर-पाथ्स लिहायला घेतलं की तिघांचीही नावं तिथे लिहायची, कारण मग क्लासपाथवरचे प्रोसेसर शोधले जात नाहीत. हे उघड लिहिण्याची सवय आत्ताच लावा, जेडीके २३ पासून जावाक क्लासपाथवरचे प्रोसेसर आपणहून चालवतच नाही. अनमॅप्ड-टार्गेट-पॉलिसी एररवर ठेवली, एखादं फील्ड सुटलं तर बिल्ड पडू दे, बुकिंगमधून पाहुण्याचा फोन नंबर गायब होण्यापेक्षा ते बरं.

एवढं झाल्यावर टूलकडे वळलो.

अँट ठेवता आलं असतं, भाईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, एक्सजेसीचा अँट टास्क आजही आहे. पण काय बदललं तर परत चालवायचं हे डिपेंड्स आणि प्रोड्यूसेस लिहून आपणच सांगायचं, आणि डिपेंडन्सीचे जार (बाहेरच्या लायब्ररींच्या फायली) लिब फोल्डरमध्ये हाताने ठेवायचे, जकार्ताच्या बदलात ते सांभाळणं अशक्य होतं. बेझलवर फार वेळ घालवला नाही. गुगलने २०१५ ला बाहेर काढलेलं ते टूल हजारो मॉड्यूल असलेल्या ठिकाणी शोभतं, इथे प्रत्येक फोल्डरात बिल्ड फाइल लिहून ती सांभाळायला माणूस कुठून आणायचा.

ग्रेडल मात्र मी नीट करून दाखवलं, कारण जनरेटरच्या बाबतीत त्याची रचना खरंच सगळ्यात चांगली आहे. टास्कला इनपुट फायली आणि आउटपुट फोल्डर सांगायचं, तो टास्क सोर्स-सेटला जोडला की कंपाइल आपोआप त्याच्यावर अवलंबून राहतं. आणि इनपुट बदललं की नाही हे तो फायलीच्या मजकुराच्या हॅशवरून (मजकुरावरून काढलेली खूण) ठरवतो. मेव्हनची बरीच जनरेटर प्लगिन फायलीची वेळ बघतात, आणि गिटमध्ये जिथे त्या फायली वेगळ्या आहेत अशा ब्रँचवर जाऊन परत आलं की त्यांची वेळ नवी होते, मजकूर पुन्हा तोच झाला तरी, आणि प्लगिन परत सगळं काढत बसतं. हा फरक टीमला समोर दाखवला. एक्सएसडी वेगळी असलेल्या ब्रँचवर जाऊन परत आलो, म्हणजे मजकूर पुन्हा तोच, ग्रेडल अप-टू-डेट म्हणून पुढे गेलं, मेव्हनने सगळे क्लास परत काढले आणि मग ते सगळे कंपाइलही केले. ग्रेडलवाले दोघे खूश झाले.

तरी शेवटी मेव्हन घेतलं, आणि ते का ते महत्त्वाचं. फळ्यावर आम्ही प्रत्येक जनरेटरपुढे इनपुट किती वेळा बदलतं ते लिहिलं होतं. एक्सएसडी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी. मग रोजच्या बिल्डमध्ये तो जनरेटर असायलाच कशाला हवा? स्कीमाचं वेगळं गिट रेपो केलं, तिथे फक्त एक्सएसडी, बाइंडिंग फाइल आणि एक पॉम, जेव्हा बदलेल तेव्हा त्याचा जार स्वतःच्या व्हर्जन नंबरने ऑफिसच्या नेक्ससवर (जार ठेवायचा सर्व्हर) चढवायचा आणि मुख्य प्रोजेक्टने तो इतर कुठल्याही लायब्ररीसारखा घ्यायचा. त्याबरोबर ग्रेडलचा सगळ्यात मोठा फायदा जिथे मिळणार होता ती जागाच उरली नाही. जूकला इथे काही सेकंद लागतात, तो जनरेट-सोर्सेस फेजला बसवला. मॅपस्ट्रक्ट कंपाइलरबरोबर. उरलेल्या कामाला मेव्हनची ठरलेली फेज पुरते, आणि टीममधल्या प्रत्येकाला पॉम वाचता येतो, ग्रेडलची स्क्रिप्ट दोघांनाच येत होती आणि त्यातला एक बंगळूरला जायच्या तयारीत होता. बिल्डची फाइल कुणी सांभाळायची हा प्रश्न टूलच्या गुणांइतकाच मोठा आहे, मी त्याला कधीच कमी लेखत नाही.

या निवडीची किंमतही आहे. स्कीमा बदलली तर आता दोन पायऱ्या, आधी जार रिलीज करायचा मग मुख्य प्रोजेक्टमध्ये व्हर्जन वाढवायचं, आणि घाईच्या वेळी हे जाचतं. टेस्टिंग बघणारी म्हणाली, "दादा, पार्टनरने रात्री नवा कोड पाठवला तर काय करायचं?" त्यासाठी स्नॅपशॉट (अजून पक्कं न केलेलं) व्हर्जन टेस्ट सर्व्हरपुरतं चालेल असं ठरवलं, प्रॉडक्शनला नाही. दुसरं, टार्गेट फोल्डरमधला जनरेटेड सोर्स एक्लिप्समध्ये कधी कधी लाल दिसतो, मेव्हनमधून प्रोजेक्ट अपडेट करावा लागतो, नव्या माणसाला हे सांगून ठेवावं लागतं. आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर सर्व्हरवर आपोआप चालणारं बिल्ड) एक तपासणी टाकली आहे, कुणी जनरेट झालेली जावा फाइल गिटमध्ये घातली तर बिल्ड तिथेच थांबतं.

निर्णय कधी बदलायचा तेही लिहून ठेवलंय. हॉटेलच्या रेट नियमांसाठी स्वतःचा टेम्प्लेट वापरून कोड काढायचा विचार चाललाय, रेटचे नियम यामल या साध्या मजकुराच्या फायलीत आणि त्यावरून जावा. ते झालं तर त्याचं इनपुट रोज बदलेल, टेम्प्लेटही बदलेल, आणि त्यासाठी तयार मेव्हन प्लगिन नसेल, ते आपल्यालाच लिहावं लागेल. तेव्हा ते एक मॉड्यूल ग्रेडलवर करून त्याचाही जार नेक्ससवर चढवावा असं माझं मत मी दिलंय. भाईंनी तो कागद मागून घेतला आणि रेपोच्या रीडमीमध्ये टाईप करून टाकला.